मॅनिफोल्डला कोटिंग केलं, तरी टर्बो पुन्हा का जातो?

गोव्यात साखळी गावाच्या बाजूला माझं डिझेलचं गॅरेज आहे. चोर्ला घाट चढून बेळगावला मासे नेणारे आणि भाजी घेऊन उतरणारे पिकअप, खाणपट्ट्यातले टिपर, पर्यटकांच्या ट्रॅव्हलर असा सगळा गोतावळा माझ्याकडे येतो. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराने फिरणारा एक पंखा (टर्बाइन) आणि त्याच शाफ्टवर बसून इंजिनात हवा दाबणारा दुसरा पंखा. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला गरम धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा ओतीव भाग. या गाड्यांमध्ये एकच दुखणं मी वर्षानुवर्षं बघतोय. टर्बो जातो, नवा बसतो, ‘गरमीने गेला’ असं कुणीतरी सांगतं म्हणून मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग होतं किंवा उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली जाते, आणि काही महिन्यांत टर्बो पुन्हा बाकावर खोलून पडलेला. मालक म्हणतो, माल खराब होता. माल क्वचितच खराब असतो.

लक्षणं

यातलं एकच दिसलं तर घाबरू नका. दोन-तीन एकत्र दिसू लागली की तपासायला घ्या.

- लोड घेऊन चढावर गाडी ओढत नाही, मागून काळा धूर येतो.
- घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळ्या धुराचा लोट निघतो आणि थोड्या वेळाने विरतो.
- टर्बोची नेहमीची बारीक शिट्टी आता अ‍ॅम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखी वरखाली होते.
- इंजिनखाली गळती नाही, तरी ऑइल कमी होतं.
- सकाळी थंड इंजिनवर मॅनिफोल्डकडून ‘टक टक टक’ येतं आणि गरम झाल्यावर गायब होतं. जोडाच्या कडेला काजळी दिसते.
- कोटिंगचे पापुद्रे सुटलेत, किंवा पट्टी तपकिरी होऊन हात लावला की भुगा पडतो.
- बॉनेटखालच्या रबरी नळ्या पापडासारख्या कडक झाल्यात.

इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नळीत आतून ऑइलचा पुसट ओशटपणा असतोच. तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून येतो. तेवढ्यावर टर्बो उतरवायला निघू नका. नळी उलटी धरल्यावर ऑइल ओघळलं, तर गोष्ट वेगळी.

आधी हे समजून घ्या: अडवलेली उष्णता जाते कुठे?

कोटिंग करणारा टेंपरेचर गन दाखवून सांगतो, ‘आधी ५५० होतं, आता ३००’. गिऱ्हाईक खूश. पण ती गन तापमान थेट मोजत नाही. पृष्ठभागावरून निघणारी धग बघून ती अंदाज बांधते, आणि हा अंदाज खरबरीत, काळपट पृष्ठभागासाठी बेतलेला असतो. गंजलेल्या ओतीव लोखंडावर तो बऱ्यापैकी बरोबर येतो. चकचकीत रुपेरी कोटिंग मुळातच धग कमी सोडतं, त्यामुळे तितक्याच तापलेल्या भागावर गन शेकडो अंश कमी दाखवू शकते. खात्री करायची तर कोटिंगवर नाण्याएवढा ठिपका उष्णता सहन करणाऱ्या मॅट काळ्या रंगाने काढा आणि गन त्या ठिपक्यावर रोखा. मग बोला.

कोटिंग बिनकामाचं आहे, असं मी म्हणत नाही. धग कमी होते ती खरीच. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाचा मॅनिफोल्ड घाटात बाहेरून ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला असं धरा. नुसत्या धगीनेच तो साधारण चार किलोवॉट उष्णता बॉनेटखाली फेकतो, म्हणजे न्हाणीघरातले दोन गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं. कोटिंगने यातली अर्धी अडवली तर नळ्या, वायरी, बॅटरी सगळ्यांना बरं वाटणार. पण अडवलेले ते दोन किलोवॉट कुठे विरत नाहीत. ते इंजिनातून निघणाऱ्या गॅसमध्ये, म्हणजे धुरातच राहतात आणि सरळ टर्बोत शिरतात. चढावर इंजिनातून सेकंदाला शंभर ग्रॅमहून जास्त गॅस बाहेर पडत असतो, त्यामुळे त्याच्या तापमानात भर पडते ती पंधरा-वीस अंशांचीच. टर्बो थोडा लवकर फिरायला लागतो. ड्रायव्हरला ‘पिकअप सुधारला’ असं जे वाटतं, त्यातलं थोडं इथून आलेलं असतं.

थोडक्यात, बाहेरून केलेलं कोटिंग टर्बोला थंड करत नाही. उलट किंचित गरमच करतं. आणि मॅनिफोल्डचा धातू तर गॅसपेक्षा जास्त चढतो, कारण त्याची बाहेर उष्णता सोडायची वाट अडते. वरच्याच हिशेबात भिंत पन्नासेक अंशांनी जास्त तापते. पट्टी जाड गुंडाळली की त्याहून जास्त.

मग टर्बो का मरतो? टर्बाइनचा पंखा निकेलच्या मिश्रधातूचा असतो. डिझेलच्या गॅसमधले पंधरा-वीस अंश त्याच्या खिजगणतीत नाहीत. मधल्या भागात, जिथे शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेत ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो, तिथलं ऑइल मात्र नाजूक असतं. अडीचशे-तीनशे अंशांवर ते एका जागी थांबलं की पातेल्याच्या बुडाला दूध लागावं तसं करपतं. ती खरवड बेअरिंगमध्ये आणि नळीत साचते. मी खोललेल्या बहुतेक टर्बोंमध्ये पंखा शाबूत आणि बेअरिंग काळंठिक्कर असतं. म्हणून माझी सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: ऑइल कुठे थांबतंय आणि कुठे शिजतंय?

फुकटातली तपासणी: गाडी बंद कशी करता?

घाटमाथ्यावर चहासाठी ड्रायव्हर गाडी कडेला घेतो आणि हँडब्रेक ओढायच्या आधीच चावी फिरवतो. चढ नुकताच संपलेला, टर्बाइनचं घर लालबुंद होऊन गेलेलं. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद. आता घराची सगळी उष्णता शाफ्टवरून मधल्या भागात सरकते आणि तिथे थांबलेलं ऑइल शिजतं. मॅनिफोल्ड आणि टर्बो दोन्ही गुंडाळलेले असतील तर ही उष्णता बाहेर पडायला आणखी वेळ घेते, म्हणजे शिजणंही लांबतं. पट्टी बांधलेल्या गाड्यांचे टर्बो माझ्याकडे जास्त येतात, त्याचं मला दिसलेलं पहिलं कारण हेच.

लोडवर चढ संपला की एक-दोन मिनिटं गाडी आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू ठेवा, मग बंद करा. दहा मिनिटं घरघरत ठेवायची गरज नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सपाटीवर सावकाश आले असाल तर तेवढीही नको. मालकांनी ड्रायव्हरला ओरडण्यापेक्षा एक दिवस शेजारी बसून चावी कधी फिरते ते बघावं.

हीट शील्ड जागेवर आहे का?

बॉनेट उघडा. मॅनिफोल्डवर आणि टर्बोवर कंपनीने बसवलेलं पत्र्याचं झाकण असतं. आहे का तिथे? दहातल्या निम्म्या गाड्यांत नसतं. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत त्याचे बोल्ट गंजतात, खोलताना तुटतात, पत्रा थरथरायला लागतो, आणि कुणीतरी मेकॅनिक ‘हे काही कामाचं नाही’ म्हणून तो भंगारात टाकतो. त्यानंतर नळ्या करपायला लागतात, आणि मग हजारो रुपयांचं कोटिंग.

माझं मत विचाराल तर हा साधा पत्रा कोटिंगपेक्षा उजवा. पत्रा आणि मॅनिफोल्ड यांच्यात बोटभर हवा असते. धग पत्रा अडवतो, पण मधून हवा खेळत राहते, त्यामुळे मॅनिफोल्डचा धातू श्वास घेतो. पट्टीत तो गुदमरतो. जुना पत्रा मिळाला तर ठोकून सरळ करा, नाहीतर नवा मागवा. मग कोटिंग लागतंय का ते ठरवा.

ऑइल आणि एअर फिल्टर

सपाट जागेवर, इंजिन थंड असताना काडी बघा. पातळी कमी असणं वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त असणंही वाईट, कारण मग टर्बोतून परत येणाऱ्या ऑइलला जागा उरत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला, आणि घाटातल्या लोडच्या गाडीला पुस्तकातली सगळ्यात लांबची मुदत लावू नका.

एअर फिल्टरबद्दल आमच्या भागात वेगळं सांगायला हवं. डिचोली-साखळीकडची तांबडी खनिजाची धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टर तुंबला की दोन गोष्टी होतात. हवा कमी पडते, डिझेल तेवढंच पडतं, गॅस जास्त तापतो. शिवाय टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती शाफ्टच्या बाजूने ऑइल खेचते. फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून पुन्हा बसवायची सवय सोडा. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि तांबडी धूळ थेट पंख्यावर जाते. अशा पंख्याच्या कडा मी हातात घेतल्यात, चार पावसाळे माळ्यावर पडलेल्या कोयत्यासारख्या झालेल्या असतात.

थोडं अवांतर. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, तेव्हा शेकडो टिपर दारात उभे राहिले. इतका काळ उभी असलेली गाडी चालू करायची असेल, तर आधी एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी काढून आत बघा. कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं. ते ढेकूळ पंख्यात गेलं तर पहिल्याच मिनिटाला खेळ संपला.

प्रेशरच्या नळ्या आणि इंटरकूलर

इथे खर्च क्लिपांचा, फार तर एका नळीचा. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंत सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. दुसऱ्या माणसाने उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवावा. फेस आला की तिथे गळती. उभ्या गाडीत प्रेशर कमीच तयार होतं, म्हणून बारीक गळती यात सुटू शकते. संशय असेल तर नळीचं एक तोंड बंद करून दुसऱ्या बाजूने हलकी हवा देऊन बघावी लागते, पण ते गॅरेजचं काम.

ही गळती इतकी महत्त्वाची का? टर्बो दाबतो ती हवा रस्त्यातच निसटते. मग तेवढंच प्रेशर भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो, आणि इंजिनला हवा कमी पडल्याने गॅस जास्त तापतो. वीस अंशांच्या कोटिंगवर डोकेफोड करणारी माणसं इथे शंभर अंश हरवून बसलेली असतात. नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी आत बोट घालून फिरवा. आतलं अस्तर सुटून लोंबत असेल तर लोडवर ते आत खेचलं जातं आणि वाट अडवतं. इंटरकूलरच्या पात्यांत चिखल आणि किडे भरलेले असतील तर बेताच्या पाण्याने धुवा. प्रेशर गन जवळ धरून पाती वाकवू नका.

ब्रीदर आणि रिटर्न पाइप: चोर ९० टक्के वेळा इथे सापडतो, असं म्हणायचा मोह होतो

टक्के मी मोजलेले नाहीत. पण चौदा महिन्यांत तीन टर्बो खाल्लेल्या एका पिकअपची गोष्ट सांगतो.

मासे घेऊन आठवड्यातून चार-पाच वेळा चोर्ला चढणारी गाडी. पहिला टर्बो गेल्यावर मालकाने मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळून घेतली. दुसरा गेल्यावर पट्टी काढून रुपेरी कोटिंग केलं, वर पुन्हा नवी पट्टी. तिसरा जायला लागला तेव्हा गाडी माझ्याकडे आली. मालक दारातच म्हणाले, “कोटिंगाक इतले पयशे घातले रे, आनी तरी परत तेंच!”

पट्टी सोडवायला घेतली. गुंडाळणाऱ्याने काम नेटकं केलं होतं, जरा जास्तच नेटकं. टर्बोच्या खालून निघणारा ऑइलचा रिटर्न पाइप मॅनिफोल्डला चिकटून जात होता, तोही त्याने पट्टीच्या आत घेतला होता. एकत्र, गोधडीत बाळ गुंडाळावं तसा. पाइप खोलून हेल्पर पोराच्या हातात दिला. त्याने उजेडाकडे धरून एका डोळ्याने बघितलं आणि ओरडला, “पात्रांव, भितर पेन्सील लेगीत वचना!”

करंगळी सहज जावी अशा नळीत पेन्सिल जात नव्हती. आतून काळी, कडक खरवड, स्क्रू ड्रायव्हरने टोकरली की कोळशासारखा आवाज. टर्बोतून ऑइल परत येतं ते आपल्या वजनाने, उतारावरून. तिथे पंप नसतो. वाट अरुंद झाली की ऑइल टर्बोच्या पोटात साठतं, शाफ्टच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं, आणि साठलेलं पुन्हा शिजतं. दरवेळी नवा टर्बो त्याच जुन्या तुंबलेल्या नळीवर बसवला गेला होता. तिन्ही टर्बोंत काहीच खोट नव्हती.

म्हणून टर्बो उतरवायच्या आधी एवढं बघा. रिटर्न पाइप सतत उतरता आहे का, कुठे पिळलाय का, कुठे मॅनिफोल्डला टेकतोय का. गॅसकेट मेकरची पेस्ट जोडातून आत फुगून आलेली नाही ना. पट्टी असेल तर ऑइलच्या दोन्ही पाइपांपासून ती लांब असलीच पाहिजे. ऑइल आत नेणारा बारीक पाइप साफ करत बसू नका, टर्बोबरोबर नवाच घाला. सुटलेला कोळशाचा एक कण नव्या बेअरिंगला पुरेसा होतो.

ब्रीदर तपासायला सोपं. आयडलवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. किंचित हललं तर ठीक. झाकण उडायला लागलं, धुराचे भपके यायला लागले, तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिनच्या पोटात असं प्रेशर असेल तर टर्बोतलं ऑइल खाली उतरणारच नाही, नळी कितीही साफ असो.

मॅनिफोल्ड स्वतः

इंजिन पूर्ण थंड. हातमोजे आणि मास्क घाला, पट्टीचा भुगा कातडीला आणि घशाला खाजतो. पट्टी काढा, वायर ब्रशने घासा, बॅटरीच्या उजेडात बघा. तडा बहुतेक वेळा दोन पोर्टच्या (धूर आत येणाऱ्या तोंडांच्या) मधोमध किंवा टर्बो जिथे बसतो त्या फ्लॅंजच्या मुळाशी असतो. काजळीची बारीक रेघ दिसली की तिथेच नखाने चाचपा.

आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओतीव लोखंडाचा ४०० मिमी लांबीचा मॅनिफोल्ड ६०० अंशांनी तापला की अडीच मिमीहून थोडा जास्त लांब होतो. इंजिनच्या ज्या हेडवर तो बसलाय ते पाण्याने थंड राहतं, ते इतकं वाढत नाही. ही ओढाताण स्टड (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे बोल्ट) आणि जोडातलं गॅसकेट सहन करतात, दर चढाला एकदा. पट्टीने धातू आणखी तापवला की ओढाताण वाढते. म्हणून टोकाचे स्टड आधी तुटतात. तुटले म्हणून पुढच्या वेळी पाना जास्त आवळणारे भेटतात. आवळल्याने मॅनिफोल्डला सरकायला जागा राहत नाही आणि मग स्टडऐवजी मॅनिफोल्ड तडकतो. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, पुस्तकातलाच ठेवा.

आणि गंज. जून ते सप्टेंबर इथे पट्टी सुकतच नाही. गाडी उभी राहिली की ओल आत धरून बसते, किनाऱ्याच्या गाड्यांत मिठासकट. चवथीला (गणेशचतुर्थीला) चार दिवस उभी ठेवलेल्या गाडीची पट्टी सोडली आणि खालून गंजाचे पोपडे हातात आले, असं माझ्याकडे दोनदा झालंय. ओतीव लोखंड जाड असतं म्हणून टिकतं. पातळ पत्र्याचा पाइप टिकत नाही.

एक गोष्ट थट्टेत घेऊ नका. पट्टीवर ऑइल किंवा डिझेल गळत असेल तर ती समईची वात आहे. गाडी पेटते. अशी गाडी चालवत गॅरेजलाही आणू नका.

कोणतं कोटिंग कशासाठी

बाजारात सगळ्याला ‘सिरॅमिक’ म्हणतात. डब्यातला उष्णता सहन करणारा रुपेरी रंग हा रंगच. गंज थोडा अडवतो, उष्णता नाही. भट्टीत भाजलेलं पातळ, चकचकीत कोटिंग धग खरोखर कमी करतं आणि गंजही अडवतं, पण त्याची उष्णतेची मर्यादा विचारून घ्या. काही चकचकीत कोटिंग एक्झॉस्टच्या पाइपासाठी ठीक असतात आणि टर्बोच्या आधीच्या मॅनिफोल्डवर पांढरी पडून सुटतात. प्लाझ्माने फवारलेलं झिरकोनियाचं जाड कोटिंग खरं उष्णतारोधक, पण ते यंत्र असलेल्या ठिकाणीच होतं, आणि खालचा धातू वाळूने नीट साफ केला नसेल तर टिकत नाही.

आतून कोटिंग करा, धातू थंड राहील, असंही कुणी सुचवतं. बोलणं बरोबर आहे. पण सुटलेला पापुद्रा पुढे कुठे जाणार? लाख फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर. टर्बोच्या आधी आतून कोटिंग मी कुणाला करू देत नाही.

गॅस आधीच मर्यादेत असेल, शील्ड बसवूनही जवळची नळी किंवा वायर करपत असेल, तर बाहेरून पातळ कोटिंग जरूर करा. टर्बोचं आयुष्य वाढेल म्हणून करू नका.

शाफ्टचा प्ले आणि गॅसचं तापमान

थंड इंजिन, हवेची नळी काढा, पंख्याचं टोक दोन बोटांत धरा. वर-खाली थोडं हलणारच, कारण ऑइलचा पापुद्रा नसताना शाफ्ट सैल असतो. पंखा घराला घासता कामा नये. पुढे-मागे ओढून बघितलं तर हालचाल हाताला जाणवता कामा नये. जाणवली तर कोर, म्हणजे टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग गेला.

शेवटची तपासणी खर्चाची, पण वाद मिटवणारी: गॅसच्या तापमानाचं मीटर. के टाइप थर्मोकपल (तापमान टिपणारी बारीक सळई) टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डच्या तोंडाशी बसवायचं. टर्बोच्या नंतर बसवलं तर लोडवर शंभरहून जास्त अंश कमी दिसतं आणि खोटा धीर येतो. भोक पाडताना मॅनिफोल्ड खाली उतरवलेला असावा, लोखंडाचा कीस टर्बोत जायला नको. मग लोडसकट घाट चढा. माझा अंगठ्याचा नियम: डिझेलला सुई ६५० पर्यंत असेल तर निवांत, ७०० च्या वर टिकून राहिली तर कारण शोधा, ७५० च्या वर गेली तर पाय काढा. तुमच्या गाडीच्या कंपनीने आकडा दिलेला असेल तर तोच धरा. तिसऱ्यात रेटण्यापेक्षा दुसऱ्यात उतरलात तर फेरे वाढतात, हवा वाढते, आणि सुई डोळ्यादेखत खाली येते. कोटिंगने होत नाही ते गिअरने होतं.

इथे थांबा

नळ्या, फिल्टर, ब्रीदर, रिटर्न सगळं ठीक आणि तरी गॅस तापतोय, तर दोष इंजेक्टर, टायमिंग, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), तुंबलेला कॅटॅलिटिक किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), नाहीतर कुणी बसवलेली पॉवर वाढवण्याची चिप यांत आहे. हे स्कॅनर आणि पंप-इंजेक्टरच्या टेस्ट बेंचचं काम. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपांत दीड-दोन हजार बार प्रेशर असतं. चालू इंजिनवर ते सैल केलं तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. लागलंच तर वरून टोचल्यासारखं दिसलं तरी तडक हॉस्पिटल गाठा.

बीएस-६ गाडीत टर्बोच्या आसपासचे सेन्सर आणि डीपीएफ ठरावीक तापमानावर बेतलेले असतात. तिथे पट्टी-कोटिंगचा घरगुती प्रयोग नको.

हेडमध्ये तुटलेला स्टड ड्रिलने काढायचा प्रयत्न एकदाच होतो, ड्रिल तिरकं गेलं की हेड गेलं. ते टर्नरकडे द्या. तडकलेला ओतीव मॅनिफोल्ड साध्या रॉडने वेल्ड केला तर शेजारी नवा तडा जातो. त्याला आधी सगळीकडून तापवून निकेलचा रॉड लागतो आणि सावकाश थंड करावं लागतं. नवा मिळत असेल तर नवाच घ्या. टर्बोचा कोर घरी खोलून नुसते बेअरिंग बदलू नका, शाफ्टला बॅलन्सिंगचं मशीन लागतं.

पंखा घराला घासल्याचा आवाज आला, किंवा निळा धूर थांबेना, तर गाडी बंद करून टोचन बोलवा. घाट उतरून येऊ म्हणू नका. फुटलेल्या टर्बोतून इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. तसं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर सगळ्यांना घेऊन लांब व्हा. हवेच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका.

त्या पिकअपला आम्ही नवा कोर, ऑइलचे दोन्ही नवे पाइप आणि नवा फिल्टर घातला. कोटिंग होतं तसंच ठेवलं, पट्टी फेकली. हीट शील्ड मालकांच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडलं, ते ठोकून बसवलं. दोन पावसाळे झाले, टर्बो तोच आहे. मध्यंतरी मालक आले ते पत्रा आयडलवर थरथरतो म्हणून. एका बोल्टखाली वॉशर घालून दिला.